आगबोटींचे पारखी : अर्देशिर कर्सेटजी वाडिया

पिंगुळी-कुडाळ परिसरातील चाकरमानी एके काळी वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोट धरून मुंबई गाठत असत. आगबोट हा शब्दच सांगतो की, तिचे बळ शिडात नव्हे, तर पोटातील आगीत असते. ती आग पाण्याची वाफ करी आणि ते काम चाले बॉयलरमध्ये. मुंबईत या बॉयलरांची आणि इंजिनांची जबाबदारी प्रथम ज्या भारतीयावर सोपवली गेली, त्यांचे नाव अर्देशिर कर्सेटजी वाडिया.

अर्देशिर यांचा जन्म १८०८ साली मुंबईत झाला. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीचा पाया घातला. पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजे बांधणाऱ्या या घराण्यातील अर्देशिर वयाच्या चौदाव्या वर्षी गोदीत दाखल झाले. मात्र त्यांचे मन लाकडापेक्षा यंत्रांत अधिक रमत होते. मुंबईच्या गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट १८३० साली सुएझला गेली आणि शिडांच्या जहाजांचे दिवस भरत आल्याची जाणीव सर्वांना झाली. याच सुमारास अर्देशिर यांनी एक अश्वशक्तीचे लहान वाफेचे इंजिन तयार केले. विहिरीचे पाणी उपसून कारंजे चालवण्याचे काम ते करी. १८३३ मध्ये त्यांनी इंडस ही साठ टनांची बोट बांधून तीत वाफेचे इंजिन बसवले, तर १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली.

त्या काळी समुद्रावरील बॉयलर म्हणजे लोखंडी पत्र्यांची मोठी चौकोनी पेटीच असे. तिच्या आतील वळणावळणाच्या बोळांतून आगीचे उष्ण वायू फिरत आणि भोवतालचे पाणी उकळत असे. वाफेचा दाब चौरस इंचाला अवघा काही पौंड असे. शिवाय समुद्राचेच पाणी उकळावे लागत असल्याने पत्र्यांवर मिठाची पुटे चढत. पुट जाड झाले की पत्र्याची उष्णता पाण्यात उतरत नसे. पत्रा लाल होऊन वाके आणि प्रसंगी फुटे. म्हणून ठराविक वेळाने खारट पाणी बाहेर सोडावे लागे. बॉयलर तपासणाऱ्याची नजर चुकली, तर खलाशांच्या जिवावर बेतत असे.

हे शास्त्र मुळापासून शिकण्यासाठी अर्देशिर १८३९ साली इंग्लंडला गेले आणि लंडनमधील सागरी इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी प्रत्यक्ष काम केले. तेथे असतानाच मुंबईतील कंपनीच्या वाफेच्या कारखान्यातील मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक या पदासाठी त्यांनी अर्ज केला. कंपनीने त्यांची निवड केली आणि १८४१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतरच्या भारतीयाची, म्हणजे रामानुजन यांची, निवड होण्यास १९१८ साल उजाडले.

मुंबईत मात्र त्यांचे स्वागत सरळपणे झाले नाही. त्यांच्या हाताखाली सुमारे १०० युरोपीय अभियंते व बॉयलर बांधणारे कारागीर आणि सुमारे २०० एतद्देशीय कामगार होते. गोऱ्यांनी एका हिंदी माणसाचा हुकूम मानायचा, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना रुचली नाही. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रातून त्यांच्या पात्रतेविषयी शंका घेतली गेली. अर्देशिर यांनी वादात न पडता सोळा वर्षे ते पद सांभाळले. १८४९ मध्ये अमेरिकेला जाऊन त्यांनी लाकूडकामाची यंत्रे पाहिली व गोदीसाठी खरेदी केली. १८५१ साली लवजी फॅमिली ही आगबोट त्यांनी पाण्यात सोडली. तिचे सर्व भाग माझगावच्या त्यांच्याच ओतकामाच्या कारखान्यात तयार झाले होते.

या सोळा वर्षांत बॉयलरचे रूपही पालटत गेले. पेटीतील वळणदार बोळांच्या जागी अनेक बारीक नळ्या आल्या. उष्ण वायू नळ्यांतून आणि पाणी बाहेरून, असा हा अग्निनलिका प्रकार. पुढे याच्या उलट, पाणी नळ्यांतून आणि आग बाहेरून, असा जलनलिका प्रकार रूढ झाला. प्रत्येक नळीत थोडेच पाणी असल्याने त्याची वाफ लवकर होते आणि नळीचा व्यास लहान असल्याने ती मोठा दाब सहन करते. बॉयलरचे हे दोन मुख्य वर्ग आजही कायम आहेत.

अर्देशिर १८५७ मध्ये निवृत्त झाले. १८६१ ते १८६३ या काळात सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींच्या ताफ्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी काम पाहिले. उर्वरित आयुष्य त्यांनी इंग्लंडमधील रिचमंड येथे व्यतीत केले आणि तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६९ साली त्यांच्यावर तिकीट काढले.

बॉयलरच्या तपासणीसाठी देशात १९२३ चा कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. साखर कारखाना असो वा वीज केंद्र, निरीक्षकाच्या प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवता येत नाही. मुंबईच्या गोदीत १८४१ साली या देखरेखीची जबाबदारी अर्देशिर यांनी स्वीकारली, तेव्हा असा कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता.