बालगंधर्व : रंगभूमीवरून रुपेरी पडद्याकडे

संगीत नाटकानें महाराष्ट्रास वेड लावलें होतें, त्या काळांतील सर्वांत तेजस्वी नांव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व हें होय. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजीं झाला. लहानपणीं त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यांस हें नांव दिलें, असें सांगतात. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेनें रसिकांच्या नजरेंत भरले. पुरुषानें स्त्रीवेष घ्यावा ही गोष्ट दशावतारी खेळ पाहणाऱ्या आपल्या कोंकणांत नवी नव्हे. परंतु लुगडें कसें नेसावें व वेणींत फुलें कशीं माळावीं हें कुलीन स्त्रियांनीं या पुरुषापासून शिकावें, हा चमत्कार त्यांच्याच बाबतींत घडला.

१२ मार्च १९११ रोजीं मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली. तरीही त्यांनीं प्रयोग थांबूं दिला नाहीं. १९१३ मध्यें गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. भरजरी वस्त्रें, अत्तरें, उंची पडदे यांवरील सढळ खर्चामुळें मंडळी कर्जांत बुडाली. तथापि दिवाळखोरीचा सोपा मार्ग न पत्करितां त्यांनीं वर्षानुवर्षें प्रयोग करून तें ऋण फेडिलें.

गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ हें शोकांत नाटक त्यांच्या मंडळीनें १९१९ सालीं रंगभूमीवर आणिलें. तें पाहावयास गडकरी राहिले नव्हते. भरजरी शालूंसाठीं प्रसिद्ध असलेले बालगंधर्व तेथें दारिद्र्यानें गांजलेल्या सिंधूच्या वेषांत साध्या जुनेरांत उभे राहत, आणि भरलेलें नाटकगृह रडूं लागे.

पुढें काळ पालटला. १९३१ सालीं ‘आलम आरा’ आला, १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलूं लागला, आणि प्रेक्षक नाटकगृहें सोडून बोलपटांकडे वळले. नाटक मंडळ्या एकामागून एक मोडूं लागल्या. अखेर बालगंधर्वही प्रभात कंपनींत गेले. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ या १९३५ च्या बोलपटांत त्यांनीं संत एकनाथांची भूमिका केली. या चित्राचें मूळ नांव ‘महात्मा’ होतें. गांधीजींच्या स्मरणानें सरकारी परीक्षकांनीं तें बदलावयास लाविलें. चित्र थोर होतें. परंतु ज्यांस तीस वर्षें नायिका म्हणून पाहिलें, त्यांस पुरुषवेषांत पाहणें कित्येक चाहत्यांस रुचलें नाहीं. प्रभातशीं त्यांचा संबंध या एकाच चित्रावर संपला.

मग त्यांनीं आपलें नाटकच पडद्यावर नेण्याचें ठरविलें. ‘अमृतसिद्धि’ या मीराबाईवरील नाटकावरून बाबूराव पेंटर यांनीं १९३७ सालीं ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट काढिला. रंगभूमीवर जें होई, तेंच बहुतांशीं पडद्यावर आलें. आणि नेमकें तेथेंच अपयश आलें. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. पन्नाशीकडे झुकलेल्या नटाचा स्त्रीवेष दिव्यांच्या प्रकाशांत दुरून खुलतो, जवळून नाहीं. शिवाय नाटकगृहांत ‘वन्स मोअर’ येतांच तेंच पद नव्या ताना घेऊन पुन्हां उमलत असे. पडद्यावरील गायक श्रोत्यांस पाहूंही शकत नाहीं, मग त्यांचें ऐकणार कसा? नाटकाचे शब्द, सूर व वेष पडद्यावर नेतां आले. गाणारा व ऐकणारा यांमधील देवघेव तेवढी मागें राहिली.

त्यानंतर बालगंधर्व पुन्हां रंगभूमीकडे वळले. उत्तरायुष्य पांगुळलेपणांत व कष्टांत गेलें. १९६४ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि १५ जुलै १९६७ रोजीं ते निवर्तले. पुण्यास त्यांच्या नांवाचें रंगमंदिर १९६८ सालीं उघडलें. २०११ सालीं त्यांच्या जीवनावरच बोलपट निघाला व तो लोकांस आवडला. जो पडदा त्यांच्या कलेस पुरा पडला नाहीं, त्यावर त्यांची जीवनकथा मात्र शोभली.

विद्यार्थी मित्रहो, नव्या साधनाचा तिरस्कार करावा असें या चरित्रावरून निघत नाहीं. जुनी वस्तु नव्या पात्रांत ओतण्यापूर्वीं तिचा प्राण कोठें आहे हें ओळखावें, एवढाच याचा बोध. आणि लोकांचें देणें फेडावयाचें, हाती घेतलेलें काम दुःखांतही टाकावयाचें नाहीं, हा धडा तर कोणत्याही पडद्यावांचून घेतां येण्यासारखा आहे.