मोल्सवर्थसाहेब आणि त्यांचे शास्त्री

एखाद्या मराठी शब्दाच्या अर्थाविषयीं वाद पडला म्हणजे जाणतीं माणसें आजही मोल्सवर्थचा कोश पाहावयास सांगतात. परक्या मुलखांतून आलेल्या एका लष्करी अंमलदारास हें काम कसें साधलें, हें मात्र आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें. कोशास एकाचें नांव पडलें आहे. पण तो एकाचा नव्हे.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालीं झाला. कोंवळ्या वयांतच ते कंपनी सरकारच्या मुंबईकडील लष्करांत दाखल झाले. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि रयतेचें बोलणें नव्या अंमलदारांना कळेनासें झालें. त्याच सुमारास मोल्सवर्थसाहेबांनीं स्वतःच्या हौसेनें शब्द टिपून ठेवण्यास आरंभ केला. पुढें १८२५ च्या सुमारास सरकारनें कोशाचें काम त्यांच्याकडे सोंपविलें.

ती कचेरी मोठी विलक्षण असली पाहिजे. एका बाजूस साहेब व त्यांचे साहाय्यक टॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे बंधू, तिघेही लष्करी पेशाचे; दुसऱ्या बाजूस पाठशाळेंत वाढलेले ब्राह्मण शास्त्री. धर्म निराळा, आहार निराळा, पोशाख निराळा. शिवाय एका पक्षानें राज्य जिंकलें होतें, दुसऱ्याचें नुकतेंच गेलें होतें. पगार साहेबांच्या हातीं, तर शब्दाचें मर्म शास्त्र्यांच्या. साहेबांनीं हुकुमाच्या बळावर अर्थ ठरविला असता तर कोश फसला असता. शास्त्र्यांनीं भिडेखातर मान डोलविली असती तरीही फसलाच असता.

काम असें वांटलें गेलें कीं, शास्त्र्यांनीं शब्द जमवून त्यांचा उलगडा मराठींतच करावा, आणि साहेबांनीं तो पारखून इंग्रजींत उतरवावा. ह्याच कामाच्या ओघांत जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल व परशुरामपंत गोडबोले ह्यांचा मराठी कोश १८२९ सालीं निघाला. मागोमाग १८३१ सालीं मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस छापला गेला.

शास्त्र्यांची विद्या संस्कृत. तरी ह्या कोशांत वेदांतांतील शब्दाशेजारीं नांगरट्याचा शब्द बसला आहे. म्हणी आहेत, मुलांचे बोल आहेत, शिव्याही आहेत. कांहीं शब्दांपुढें ते कोणत्या प्रांतीं चालतात ह्याची खूण आहे. त्या काळीं मुंबईहून पुण्यास जाणारा वाटसरू गलबतानें आपल्या पनवेल बंदरीं उतरून मग घाट चढे. त्याच्या कानीं पडणारे मचवा, आगर, खाजण हे शब्दही तेथें सांपडतात. पंडितांच्या पंक्तीस आगऱ्या-कोळ्यांची भाषा बसविली, ह्यांत कोणीं कोणास किती समजाविलें असेल, हें मनांत आणून पाहावें.

मोल्सवर्थसाहेब मोठे श्रद्धाळू. शस्त्र धरणें ख्रिस्ताच्या शिकवणुकीशीं जुळत नाहीं असें मनानें घेतल्यावर त्यांनीं लष्करी चाकरी सोडिली. १८३६ सालीं प्रकृति ढांसळल्यामुळें त्यांना स्वदेशीं परतावें लागलें, तेव्हां इंग्रजी-मराठी कोश अर्धाच झाला होता. तो टॉमस कँडी ह्यांनीं हातीं घेतला आणि १८४७ सालीं पुरा केला. मित्राचें अपुरें काम अकरा वर्षांनीं तडीस नेऊन त्यावर मित्राचेंही नांव राखणारे असे सोबती थोडे.

पहिल्या कोशाची सुधारणा करण्यासाठीं सरकारनें १८५१ सालीं मोल्सवर्थसाहेबांस पुनः बोलाविलें. १८५७ सालीं दुसरी आवृत्ति निघाली. पहिलींत सुमारें ४०,००० शब्द होते, ते आतां ६०,००० च्या घरांत गेले. मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं तिला मराठी भाषेवर टिपण जोडलें. मग साहेब कायमचे मायदेशीं गेले.

कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि कँडी बंधू हीं तिघांचींच नांवें आहेत. शास्त्र्यांपैकीं एकाचेंही नाहीं, ही गोष्ट मला नेहमीं खटकते. १९७५ सालीं पुण्यास ह्या कोशाचें पुनर्मुद्रण झालें, आतां तो संगणकावरही वाचावयास मिळतो. माझ्या प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर वरील सहा नांवें मीं पेन्सिलीनें लिहून ठेविलीं आहेत.