औंधच्या राजांनी घाम गाळला, मग मी का नको?

मैत्रिणींनो, गेल्या वर्षीची गोष्ट. आमची कुलदेवी औंधची यमाई. नरसिंहपूरहून निघालो की अकलूज, माळशिरस, म्हसवड, दहिवडी, वडूज करत औंधला पोचायला निम्मा दिवस जातो. सासूबाईंचा नवस होता, म्हणून आम्ही पाच जण जीप करून गेलो. मूळपीठाच्या डोंगराला पायऱ्या आहेत. सासूबाई पंचाहत्तरीच्या, तरी टुकूटुकू करत वर निघाल्या. आणि मी, त्यांच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी लहान, मध्येच फतकल मारून बसले! छाती धपापत होती, तोंडातून शब्द फुटेना. सासूबाई चार पायऱ्या परत उतरून आल्या आणि त्यांनीच मला पाणी पाजलं. खरं सांगते, लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतरताना डोंगरावरचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय बघायला गेलो. मला दम घ्यायला निमित्तच हवं होतं. तिथं चित्रं, मूर्ती, हस्तिदंताच्या वस्तू बघून डोळे दिपतात. हे सगळं जमवलं औंधच्या राजांनी, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधींनी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. सूर्यनमस्कारवाले राजे एवढंच मला शाळेतलं आठवत होतं. घरी आल्यावर मात्र वाचनालयातून मिळेल ते आणून वाचलं, आणि एक गोष्ट कळली तेव्हा मी उडालेच. हे राजे तरुणपणी चांगलेच लठ्ठ होते!

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८चा. संस्थान लहानच, ७२ गावांचं, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल आणखी कुठे. पण राजघराणं ते राजघराणंच. हाताखाली माणसं, दूधदुभतं, तूप, पंगती. भवानराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. चित्रं काढायची आवड, कीर्तनाची आवड. शरीर मात्र सुटत गेलं.

आता राजा म्हटल्यावर त्याच्या लठ्ठपणाला कोण नाव ठेवणार? आपल्याकडे तर सुटलेलं पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण! पण भवानरावांचं त्यांनाच ते खटकलं. इथंच माझं त्यांच्याशी नातं जुळलं बघा. आपल्यालाही घरातलं कुणी काही म्हणत नाही. उलट, बाळंतपणानंतर बाई अशीच व्हायची, असं म्हणून सगळे मोकळे होतात.

त्या काळात यूजीन सँडो नावाच्या पहिलवानाचं जगभर नाव होतं. त्याची व्यायामाची साधनं आणि पुस्तकं विलायतेहून यायची. १८९७च्या सुमाराला भवानरावांनी ती सगळी मागवली. आपण नाही का, टीव्हीवरची जाहिरात बघून पोट कमी करायचा पट्टा मागवत! फरक एवढाच, की आपला पट्टा महिन्याभरात माळ्यावर जातो. भवानरावांनी मात्र सँडोचा व्यायाम थोडाथोडका नाही, दहा वर्षं नेमानं केला.

फायदा झाला नाही असं नाही. छाती भरली, अंग आवळलं. पण सगळ्या शरीराला हवी तशी तरतरी काही आली नाही. मग १९०८च्या सुमाराला मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार काही भवानरावांनी शोधले नाहीत. तालमीतले पैलवान आणि घराघरांतले उपासक ते आधीपासूनच घालत होते. पण चाळिशीच्या माणसानं दहा वर्षांची सवय बाजूला ठेवून नवी धरायची, हे सोपं नाही हो. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर बसले. म्हणजे कारभार वाढला आणि नेमका तेव्हाच व्यायाम नवा. आपण तर घरात पाहुणे आले तरी फिरायला जाणं बंद करतो!

नमस्काराला लागतं काय? सतरंजी टाकण्याएवढी जागा. ना वजनं, ना यंत्र. वाकायचं, पाय मागे न्यायचा, दंडवत घालायचा, परत उभं राहायचं, आणि श्वासाचं भान ठेवायचं. राजे पहाटे उठून हे करत. संख्या एकदम नाही, हळूहळू वाढवत शेकड्यात नेली. आणि मुख्य म्हणजे सोडलं नाही. सँडोचा व्यायाम दहा वर्षं टिकला, नमस्कार चाळीस वर्षांहून जास्त. १३ एप्रिल १९५१ला ते गेले तेव्हा वय ८२ होतं. त्या काळात एवढं आयुष्य किती जणांना मिळायचं?

स्वतःला गुण आल्यावर त्यांनी नमस्कार संस्थानच्या शाळांमध्ये सुरू केले. आणि फक्त मुलांना नाही, मुलींनाही. मला हे सगळ्यात भावलं. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या मुलीनं व्यायाम करायचा म्हणजे लोक काय म्हणतील, विचार करा! आजसुद्धा आमच्या गल्लीत बाई भरभर चालत निघाली तर कुणाकडे काही घडलं का म्हणून विचारतात.

राजांच्या घरातही राणीसाहेब नमस्कार घालत. १९३६ मध्ये हे दोघं इंग्लंडला गेले, तेव्हा लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या लुईस मॉर्गन या बाई त्यांना भेटल्या. अनेक लेकरांच्या आई असलेल्या राणीसाहेबांची तब्येत बघून त्या चकित झाल्या. मॉर्गनबाईंनी वर्तमानपत्रात नमस्कारांविषयी लिहिलं, आणि १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली राजांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. नाव होतं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’, म्हणजे आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग. औंधसारख्या आडगावची सवय इंग्लंडच्या बायकांपर्यंत पोचली, ती अशी.

तुम्ही म्हणाल, राजाला दुसरं काम काय? अगं बाई, कामांची यादी तर ऐका. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली, तिथं पुढं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची संशोधित आवृत्ती निघावी म्हणून मोठी मदत केली. स्वतः रामायणाची चित्रं रंगवली. कीर्तनं केली. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये तर गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपवला. इतकं सगळं करणारा माणूस पहाटेची वेळ मात्र कुणाला देत नव्हता. वेळ नाही असं म्हणायला माझी जीभ त्यानंतर जरा अडखळायला लागली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. नमस्कारांनी बहुतेक सगळे आजार पळतात, असा राजांचा विश्वास होता. आज तसं म्हणता येणार नाही. आणि नुसत्या व्यायामानं वजन फारसं उतरत नाही, पोटात काय जातं ते जास्त महत्त्वाचं, हेही आज डॉक्टर सांगतात. गंमत म्हणजे राजांनीही आहार सोडला नव्हता. साधं खावं, चहा-कॉफी, तंबाखू, दारू यांपासून लांब राहावं, असा त्यांचा आग्रह होता. नमस्कार घातले म्हणून वर चार लाडू, असा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

आता माझं ऐका. औंधहून आल्यावर इंदापूरला रक्त तपासलं. साखर सीमेवर. डॉक्टरांनी कंबर मोजली. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावी म्हणतात. माझी ९७ भरली! वजन ७४ किलो. गोळी आत्ताच नको, आधी पाच-सहा किलो कमी करा, असं त्यांनी सांगितलं. माझ्या आईचा पाय मधुमेहानं गेला, ते दिवस मी पाहिलेत. त्यामुळे घाबरले, आणि घाबरले ते बरंच झालं.

घरी वही घेऊन बसले. आपण खातो तरी काय? दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे दहा चमचे, जवळजवळ ५० ग्रॅम, नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मग वाटलं, गूळ घालू. आपला उसाचाच मुलूख, गुळाला कमी नाही. पण गुळातल्या कॅलरी साखरेच्या जवळपासच असतात, त्यामुळे तो मार्गही बंद झाला. शेवटी चहा दोनच, आणि अर्धा चमचा साखर. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली. अहोंनी ते गप गुमान सोसलं!

तेलाचा १५ लिटरचा डबा आमच्या पाच जणांत दोन महिन्यांत संपायचा. म्हणजे माणशी रोज ५० मिली. आता फोडणी पळीनं नाही, चमच्यानं मोजते. तोच डबा तीन महिने पुरतो. कालवणावर तर्री दिसत नाही म्हणून थोरला कुरकुरला, महिन्याभरात त्याची जीभ वळली.

दुसरी सवय मोडायला सगळ्यात जड गेली. पातेल्यात उरलेला भात, पोरांनी टाकलेली अर्धी चपाती, सगळं माझ्या पोटात. अन्न टाकायचं नाही, ही शिकवण खरीच, पण म्हणून आपलं पोट म्हणजे काय उरल्यासुरल्याचा डबा आहे का? आता अंदाजानं कमीच शिजवते. उरलंच तर सकाळी थालीपिठात जातं, आणि ते सगळे मिळून खातात.

आमचं गाव नीरा-भीमेच्या संगमावरचं, लक्ष्मी-नरसिंहाचं. गावात यात्रा, उपवास, प्रसाद चालूच. प्रसाद मी सोडला नाही, पण चिमूटभर घेते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, शेंगदाण्याचं कूट आणि तूप. खाल्लं की दुपारी गुंगी! आता वरीचा भात वाटीभर आणि ताक. एरवी ताटात अर्धा भाग भाजी आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पाव भागात मटकीची उसळ नाहीतर वरण, आणि एक ज्वारीची भाकरी. संध्याकाळी जाऊबाईंना घेऊन संगमापर्यंत अर्धा तास भरभर चालते. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या, ही माझी व्यायामशाळा.

आणि नमस्कार? राजांसारखे शेकड्यानं नाही बाई! दोनापासून सुरुवात केली, आता बारा घालते. गुडघे, पाठ दुखत असेल, रक्तदाब असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. नुसतं चाललात तरी चालेल. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं सगळ्यांनाच सांगतात.

नऊ महिन्यांत माझं वजन साडेसहा किलो उतरलं. मधे दिवाळीत दोन वाढलं होतं, रडूही आलं होतं. तेव्हा भवानरावांची ती सँडोची दहा वर्षं आठवली. एक रस्ता पुरा पडला नाही, तर माणसानं दुसरा धरला, थांबला नाही. मी परत वही उघडली. साखरही आता सीमेच्या आत आली आहे, तरी तीन महिन्यांनी तपासून घेतेच.

यंदा परत औंधला गेलो. सासूबाई आता शहात्तरच्या, गुडघ्यांनी जरा थकल्यात. या वेळी पाण्याची बाटली माझ्या हातात होती आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर. दोनदा थांबलो, पण त्यांच्यासाठी. यमाईसमोर ओटी भरताना सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या, बोलल्या काहीच नाहीत.

तर मैत्रिणींनो, सोमवारची वाट बघू नका. आज दुपारच्या चहातला एक चमचा साखर कमी करा, एवढ्यापासून सुरुवात होते.