धुंडिराज गोविंद फाळके व त्यांचे कॅमेरे

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचें नांव आज सर्वतोमुखीं आहे. परंतु पहिला चित्रपट काढण्यापूर्वीं वीस-बावीस वर्षें हे गृहस्थ छायाचित्रणाच्या नादीं लागलेले होते, ही गोष्ट त्यांचें चरित्र सांगणारे बहुधा दोन ओळींत उरकतात. वस्तुतः एका कॅमेऱ्याकडून दुसऱ्याकडे झालेला त्यांचा प्रवास पाहिल्यावांचून १९१३ सालीं जें घडलें त्याचा नीट उलगडा होत नाहीं.

नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वर येथें एका शास्त्र्यांच्या घरीं ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराजांचा जन्म झाला. भिक्षुकी व संस्कृत विद्या यांची परंपरा असलेल्या घरांतील हा मुलगा १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेला आणि तेथून पुढें बडोद्याच्या कलाभवनांत दाखल झाला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर हे मोठे गुणग्राही. त्यांनीं या विद्यार्थ्याचा ओढा ओळखून त्यास छायाचित्रणाची खोली व रसायनशाळा वापरण्याची मोकळीक दिली. १८९० च्या सुमारास धुंडिराजांच्या हातीं पहिला कॅमेरा आला. पुढें १८९२ सालीं अहमदाबादच्या प्रदर्शनांत नाट्यगृहाच्या नमुन्याबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळालें, तेव्हां एका चाहत्यानें त्यांस दुसरा एक किंमती कॅमेरा नजर केला.

आज महाडच्या बाजारपेठेंत किंवा पोलादपूरच्या एस. टी. स्थानकावर कोणाच्याही खिशांत कॅमेरा असतो. त्यामुळें त्या काळचें यंत्र कसें असे हें विद्यार्थ्यांस सांगावयास हवें. लांकडाची पेटी, तिला चामड्याचा भाता, पुढें भिंग, खालीं तिपाई. चित्र घेणारानें डोक्यावर काळें कापड ओढून मागील घांसलेल्या कांचेकडे पाहावें, तों समोरचा मनुष्य तींत उलटा, म्हणजे डोकें खालीं व पाय वर, असा दिसावा. नंतर मसाला लावलेली कांच बसवावयाची, भिंगावरील टोपण काढावयाचें, मनांत अंक मोजून तें पुन्हां लावावयाचें. मग अंधाऱ्या खोलींत लाल दिव्याच्या उजेडांत ती कांच धुवावयाची. अंक मोजण्यांत चूक झाली कीं कांच फुकट. हा संयम त्यांच्या अंगीं येथें मुरला.

छंदावर पोट भरेना, म्हणून १८९५ च्या सुमारास गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रकाराचें दुकान घातलें. परंतु प्लेगनें तेथें त्यांची प्रथम पत्नी व मूल हीं दोन्ही नेलीं. ते बडोद्यास परतले. तेथें निराळेंच संकट उभें राहिलें. कॅमेरा मनुष्याची शक्ति शोषून घेतो व त्याचें आयुष्य कमी करितो, अशी भीति लोकांत पसरली, आणि गिऱ्हाइकें फिरकेनाशीं झालीं. या समजुतीला हंसणें सोपें आहे. पण घरोघर मृत्यु फिरत असतां एक अनोळखी काळी पेटी आपल्यावर रोखली गेली, तर भित्र्या मनानें दुसरें काय समजावें? फाळक्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग केले, पण यंत्र सोडलें नाहीं.

१९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई घरांत आल्या. पुढल्या वर्षीं पुराणवस्तु-संशोधन खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारा म्हणून नोकरी लागली. तीहि कांहीं वर्षांनीं सोडून त्यांनीं लोणावळ्यास छापखाना काढला. येथें त्यांच्या हातीं तिसऱ्या प्रकारचा कॅमेरा आला. हा माणसांचीं चित्रें घेत नसे, तर चित्रांचींच चित्रें घेई. भिंगामागें बारीक रेषांची जाळीदार कांच ठेविली म्हणजे मूळ चित्राचे हजारों लहानमोठे ठिपके होतात व त्यांचा ठसा जस्तावर किंवा तांब्यावर कोरतां येतो. रंगीत चित्राकरितां तीन रंगांच्या कांचांतून तीन वेळां हेंच करावयाचें. राजा रविवर्म्याच्या छापखान्याचें कामहि त्यांजकडे येत असे. १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन यंत्रें घेऊन आले. परंतु भागीदारांशीं बेबनाव होऊन, आपण उभारलेल्या धंद्यांतून रिकाम्या हातानें त्यांस बाहेर पडावें लागलें.

१९११ च्या सुमारास गिरगांवांतील एका तंबूंत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. प्रभु येशूची कथा आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. फाळके ती पाहत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें मात्र गोकुळ व अयोध्या उभी राहिली. ते सरस्वतीबाईंसह पुन्हां गेले, आणि मग दररोज जाऊं लागले. एक लहानसा चलच्चित्रांचा कॅमेरा विकत घेऊन रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत भिंतीवर चित्रें पाडून पाहणें चालू झालें. झोंप नाहीं, विश्रांति नाहीं. अखेर दृष्टि गेली. ज्याचें सर्व आयुष्य डोळ्यांवर अवलंबून, तो आंधळा होऊन बसला! डॉ. प्रभाकर यांच्या उपचारानें व तीन-चार चष्म्यांच्या साह्यानें ती परत आली. या अवधींत सरस्वतीबाईंच्या मनाची काय स्थिति झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दृष्टि आल्यावर त्यांनीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या व फेब्रुवारी १९१२ मध्यें लंडन गांठलें. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत सर्व क्रिया डोळ्यांनीं पाहिली, आणि पन्नास पौंडांस विल्यमसन कॅमेरा घेतला. हें यंत्र हातानें दांडा फिरवून चालविण्याचें. कोरी फिल्म भोंकांवांचून येई. तिच्या दोन्ही कडांस अंधारांत भोंकें पाडावीं लागत. दादरच्या घरीं हें काम सरस्वतीबाई शिकल्या, फिल्म धुवावयासहि शिकल्या.

परंतु भांडवल कोण देणार? फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, पुढें कॅमेरा ठेवला आणि ठराविक अंतरानें त्याची चित्रें घेत महिनाभर काढला. पडद्यावर मिनिटाभरांत अंकुर फुटून वेल वर चढली. या चित्रपटास त्यांनीं अंकुराची वाढ असें नांव दिलें. तो पाहिल्यावर सावकारानें पैसे काढले. माझ्या मतें फाळक्यांचें खरें कसब येथें दिसतें: नव्या यंत्रावर त्यांनीं जुन्या तिपाईवाल्या छायाचित्रकाराचाच धीर वापरला.

त्यानंतर राजा हरिश्चंद्र. सुमारें सात महिने काम चाललें आणि ३७०० फूट चित्रपट तयार झाला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांतील साळुंके नांवाच्या तरुणास उभें केलें. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सर्व मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत व रात्रीं फिल्मचें काम पाहत. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांची रीघ लागली.

पुढें लंकादहन, कालिया मर्दन इत्यादि अनेक चित्रपट झाले. बोलपट आले व दादासाहेब मागें पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें. वाटाण्याची ती एक मिनिटाची फिल्म आज उपलब्ध नाहीं. चित्रपट कसे तयार करतात हें दाखविणाऱ्या त्यांच्याच एका लघुपटाचे तुकडे मात्र टिकून आहेत. त्यांत फाळके फिल्मची पट्टी हातांत धरून निरखून पाहत आहेत.