गुणपत्रिका नसलेली विद्यार्थिनी

पुणे - बारावीचे आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले, की शहरातील अनेक घरांत शांतता पसरते. काही गुण कमी पडले म्हणून डॉक्टर होण्याचे स्वप्न गुंडाळून ठेवावे लागते. अशा वेळी एका विद्यार्थिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिच्यापाशी कमी गुणांचीच काय, कोणत्याच गुणांची पत्रिका नव्हती. तरीही ती डॉक्टर झाली आणि पुण्यातच तिने अखेरचा श्वास घेतला. डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी हे तिचे नाव. २६ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. एके काळी वैभवात असलेले हे घराणे तेव्हा उतरणीला लागले होते. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळात हा हट्ट दुर्मिळ होता, पण त्याची दुसरी बाजूही होती. शिकवताना गोपाळराव मारहाण करीत आणि पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी त्याची त्यांना स्पष्ट शब्दांत आठवण करून दिली होती.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती, तर बाळ वाचले असते, ही जाणीव त्यांच्या मनात घर करून राहिली. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रिया दुखणे अंगावर काढतात आणि प्रसंगी त्यातच दगावतात, हे त्या पाहत होत्या. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी आणि ती आपणच व्हावे, हा निश्चय येथून आकाराला आला.

निश्चय झाला, पण पात्रता कोठून आणायची? गोपाळरावांच्या बदल्यांमागे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता असा संसार फिरत होता. मिशनरी शाळांत जाण्याचे प्रयत्न झाले, परंतु सलग शिक्षण कोठेच घडले नाही. रस्त्याने पुस्तके घेऊन जाणारी विवाहित मुलगी हा तेव्हा टिंगलीचा विषय होता. पुण्यात मुलींसाठी हुजूरपागा शाळा सुरू झाली ती १८८४ मध्ये, म्हणजे आनंदीबाई देश सोडून गेल्यानंतर. त्यांच्या शैक्षणिक नोंदीतील रिकामी जागा ही त्यांच्या बुद्धीची उणीव नव्हती. ज्या समाजाने शाळाच दिली नाही, त्या समाजाची ती नोंद होती.

१८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागितले. उत्तरामागे धर्मांतराची अपेक्षा होती आणि ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. मात्र वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात तो आला, तोही दंतवैद्याकडे ताटकळत बसलेल्या असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठविले आणि सातासमुद्रापलीकडे एक मावशी मिळावी, तसे नाते जुळले.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांनी मुद्देसूद सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, तसेच परतल्यावर स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय करीन, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. सोबत ओळखीच्या मिशनरी महिलांची होती. ४ जूनला न्यूयॉर्कच्या बंदरावर कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घेण्यासाठी उभ्या होत्या.

खरी कसोटी पुढेच होती. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे २८ जून १८८३ रोजी त्यांनी अर्ज केला. महाविद्यालयाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी अर्जात लपविले नाही. आपले वय आणि आजवर जे काही शिकलो ते, सारे प्रांजळपणे मांडले. नातलगांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने इतक्या दूर आलो, तो निर्धारच अभ्यासातही उपयोगी पडेल आणि आपल्या देशातील स्त्रियांना औषधोपचार मिळावेत यासाठीच हा खटाटोप आहे, असे त्यांनी कळविले. प्रमाणपत्राच्या जागी त्यांनी आपले प्रयोजन ठेवले होते.

महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. त्या महाविद्यालयाने या विद्यार्थिनीला प्रवेश तर दिलाच, शिवाय तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. मात्र सवलत मिळाली ती उंबरठ्यापुरती. शरीररचनाशास्त्र, रसायनशास्त्र, औषधशास्त्र हे विषय परक्या भाषेतून शिकायचे होते आणि पदवी परीक्षेत उत्तीर्ण होऊनच मिळणार होती. फिलाडेल्फियाची थंडी नऊवारी साडीला मानवणारी नव्हती आणि शाकाहाराचे हाल होत होते. प्रकृती खालावत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी मिळविली. आर्य हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण क्षयाने पोखरलेल्या देहाने. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत त्या विसावल्या.

ज्यांच्यासाठी ही विद्या मिळविली, त्यांची सेवा करण्यास आनंदीबाईंना अवधी मिळाला नाही. मग तो प्रवेश वाया गेला का? याचे उत्तर पुढच्या वर्षांनी दिले. घरी राहूनच बहुतांश शिक्षण घेतलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. मराठी मुलगी डॉक्टर होऊ शकते का, हा प्रश्न त्यांच्या वेळी नवा राहिला नव्हता.

गुणांना महत्त्व नाही, असा या चरित्राचा अर्थ काढणे चूक ठरेल. महाविद्यालयात पाऊल टाकल्यावर आनंदीबाईंनी अभ्यासात कसूर केली नाही. मात्र मागची कोरी पाटी पाहून त्या मागे फिरल्या नाहीत आणि ती पाटी कोरी का राहिली, हे समजून घेणारे कोणी तरी दाराशी भेटले. अर्जदाराने प्रांजळपणे सांगावे आणि निवड करणाऱ्याने कागदापलीकडे पाहावे, या दोन्ही गोष्टी १८८३ च्या त्या उन्हाळ्यात एकत्र आल्या. आज पुण्यातल्या एखाद्या घरात निराश होऊन बसलेल्या विद्यार्थ्याला यातील पहिली गोष्ट नक्कीच करता येईल. दुसरी मात्र प्रवेशाच्या दाराशी बसलेल्यांनी करावयाची आहे.