दर्याचा सरखेल : कान्होजी आंग्रे

आमच्या खानदेशाला समुद्र नाही. आमची तापी सागराला मिळते तीही दूर सुरतेपाशी. त्यामुळे मराठ्यांचा इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे घोडदळ आणि डोंगरी किल्ले उभे राहतात. आरमार सहसा आठवत नाही. परंतु जवळजवळ तीस वर्षे ज्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर परकीय सत्तांना जरब बसविली, त्या कान्होजी आंग्रे यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. मुलाचे बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात, लाटांच्या सान्निध्यात गेले. १६९८ साली सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर आरमाराची सूत्रे कान्होजींच्या हाती आली व ते सरखेल झाले. प्रथम ते ताराबाईंच्या पक्षात होते. पुढे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते शाहू छत्रपतींना येऊन मिळाले.

त्यांचा दंडक सरळ होता. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे. पोर्तुगीज हाच परवाना इतरांवर लादीत आले होते. पण मराठ्याने तो मागताच इंग्रजांनी त्यास चाचा ठरविले!

येथून युद्धे पेटली. इंग्रजांची जहाजे उंच, त्यांच्या दोन्ही कुशींना तोफा. कान्होजींची गुराबे व गलबते लहान, पण उथळ पाण्यात चपळ. ती शत्रूच्या कुशीसमोर न जाता पिछाडीकडून येत, शिडे व डोलकाठ्या तोडीत आणि मग जहाजावर माणसे चढवीत. शत्रूचे जहाज बुडविण्यापेक्षा मालासकट धरून आणणे, हा त्यांचा विजय. वारा फिरला की खाडीत शिरणे, ही त्यांची माघार. तिला पराभव म्हणता येत नाही.

मग जय कोणाचा, हे कशावरून ठरवावे? मुंबईचा गव्हर्नर बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर व १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर आरमार धाडले. १७२१ मध्ये तर इंग्रज व पोर्तुगीज मिळून सुमारे ६,००० फौजेनिशी कुलाब्यावर आले. बाजीराव पेशव्यांचे घोडदळ मदतीला धावले. शेवटी पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला व इंग्रज रित्या हाताने परतले. गोळे किती डागले, गलबते किती जाळली, याचा हिशेब काहीही असो; मोहीम ज्यासाठी निघाली तो किल्ला हाती आला की नाही, हीच खरी कसोटी. त्या कसोटीवर चारही वेळा कान्होजीच विजयी ठरतात.

परंतु मृतांचा हिशेब इतका सोपा नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज मराठ्यांनी पकडले. त्या लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन ठार झाला. त्याची पत्नी कैद झाली व पुढे ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. चाऊनचे नाव ग्रंथात आहे. त्याच लढायांत वल्ही मारणारे कोळी, भंडारी व खलाशी पडले असतील, त्यांची नावे कोण सांगणार? आम्ही शाळेत सनावळ्या पाठ केल्या, विजय पाठ केले; पण विजयाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कधी विचारले नाही. आपल्या धुळ्यात १९२६ साली देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद जमविले. असाच एखादा दप्तरातला कागद कदाचित एखाद्या खलाशाचे नाव सांगेल. ते शोधणे आता आम्हा तरुणांचे काम आहे.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींनी इहलोक सोडला. अलिबागेस त्यांची समाधी आहे. ज्या मुंबईतून त्यांच्यावर आरमारे निघाली, त्याच मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्रे हे नाव आहे. इंग्रजांनी ज्यांना चाचा म्हटले, त्यांना स्वतंत्र भारताने दिलेला हा न्याय होय. त्या सरखेलास, आणि त्यांच्या अनामिक खलाशांस, आमचा मानाचा मुजरा!