दादोबांचे क्रियापद

मी उदगीर तालुक्यातील एका खेड्यातून या शहरात शिकायला आलो, त्याला आता दोन वर्षे होतील. पहिल्याच महिन्यात माझ्यावर वर्ग दोनदा हसला, आणि दोन्ही वेळा क्रियापदामुळे हसला.

पहिल्यांदा खोलीवरच्या मित्रांत बोलताना मी म्हणालो, 'मी आज भाकर खाल्लो.' शहरातल्या मुलांना ते इतके आवडले की आठवडाभर मला त्याच वाक्याने हाक मारली जात होती. 'खाल्ली' म्हणावे हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पुस्तकात तसेच वाचले होते. पण आमच्या घरी आजीपासून सगळे 'मी काम केलो', 'मी चहा पिलो' असेच बोलतात. दुसऱ्यांदा इंग्रजीच्या तासाला सुटीवर पाच वाक्ये सांगायची होती. मी उठून म्हणालो, 'आय डिड नॉट वेंट टू माय व्हिलेज.' या वेळी हसणाऱ्यांत सरांचाही थोडा वाटा होता. त्यांनी वाक्य दुरुस्त करून दिले, मी ते वहीत लिहिले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चूक केली.

ती चूक पुन्हा का झाली, याचे उत्तर शोधता शोधता मी ग्रंथालयात दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्यापर्यंत पोहोचलो. खरे तर मी गेलो होतो तर्खडकरांची भाषांतर पाठमाला शोधायला. आमच्या घरी आजोबांच्या पेटीत तिचा एक भाग होता, आणि इंग्रजी सुधारायचे तर ती घोकावी असे गावात सगळे सांगत. ती पाठमाला दुसऱ्या तर्खडकरांची आणि दादोबा निराळे, हे मला तिथे कळले. चुकीच्या कपाटाशी गेलो आणि बरोबर माणूस भेटला, असे झाले.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे. पेशवाई बुडाली तेव्हा ते चार वर्षांचे होते. म्हणजे मराठी मुलखात इंग्रजी शिकणारी जी अगदी पहिली पिढी, तिच्यातले ते. आधी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी, मग मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी, असा त्यांचा प्रवास झाला. आपल्याला निदान शाळेत आधी मराठी व्याकरण शिकवतात, मग इंग्रजी. त्या पिढीचे उलटे होते. लिंडले मरे यांचे १७९५ साली निघालेले इंग्रजी व्याकरण तेव्हा शाळांतून चालत असे. परक्या भाषेचे नाम, सर्वनाम, क्रियापद या मुलांना पाठ, आणि जी भाषा ती घरी बोलत तिचे शाळेत शिकवावे असे बसलेले व्याकरण मात्र हाताशी नाही.

मराठीचे व्याकरण अजिबात लिहिले गेले नव्हते असे नाही. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण काढले होते. पण ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या युरोपीय लोकांसाठी होते. मराठी मुलाने आपल्याच भाषेचे नियम आपल्याच भाषेत वाचावेत, ही गरज दादोबांना जाणवली. १८३६ साली त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय बावीसच्या आसपास होते. आपल्यातले पुष्कळजण त्या वयात एम. ए. च्या प्रवेशाचा अर्ज भरत असतात.

पुस्तकाचा साचा त्यांनी बराचसा मरे यांच्यासारखा घेतला. पण मला सर्वांत नवल वाटले ते क्रियापदाच्या प्रकरणाचे, कारण तिथे इंग्रजी साचा पुरत नाही. इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्याकडे पाहते. मराठीत 'मुलगा आंबा खातो' या वाक्यात ते कर्त्याकडे पाहते. 'मुलाने पोळी खाल्ली' म्हटले की तेच क्रियापद कर्त्याची पाठ सोडून पोळीच्या मागे जाते. 'मुलाने मांजराला मारले' यात तर ते कोणाच्याच मागे जात नाही, आपले स्वतंत्र उभे राहते. मरे यांच्या व्याकरणात या चालीला घरच नव्हते. दादोबांनी त्यासाठी संस्कृत व्याकरणाकडे हात पसरला आणि कर्तरी, कर्मणी, भावे या प्रयोगांची चौकट मराठीला लावली. एका हाताला इंग्रजी, दुसऱ्या हाताला संस्कृत, आणि मधोमध बोलती मराठी, अशी त्यांची बैठक. त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात ते यासाठी.

हे वाचल्यावर मी माझी इंग्रजीची वही काढली आणि लाल शाईच्या खुणा नव्याने पाहू लागलो.

'आय डिड नॉट वेंट' हे कुठून आले? 'मी गेलो नाही' यातून. मराठीत भूतकाळ 'गेलो' मध्ये आहे आणि 'नाही' ला काळाचे काही देणेघेणे नाही. इंग्रजीत नकार देताना भूतकाळ 'डिड' उचलतो, आणि मुख्य क्रियापद मोकळे होऊन नुसते 'गो' राहते. मी दोन्ही भाषांचा काळ एकाच वाक्यात घातला होता. आता मी स्वतःला एवढेच बजावतो, की काळाचे ओझे एकाच्याच डोक्यावर द्यायचे.

'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' हे वाक्य आपल्यापैकी किती जण रोज बोलतात! 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो आहे' याचे ते अक्षरशः रूप. मराठीत मागे सुरू झालेली आणि अजून चाललेली क्रिया वर्तमानकाळात बसते. इंग्रजीला तिथे मागचा धागा दाखवावा लागतो, म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग'. शिवाय आपले 'पासून' एकच. इंग्रजीत क्रिया सुरू झाल्याचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', आणि मधली मुदत सांगायची तर 'फॉर'. दोन वर्षे ही मुदत आहे.

'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हेही तसेच. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीतील 'हॅव सीन' मात्र बोलण्याच्या क्षणाशी बांधलेले असते. त्याला 'काल' सारखा संपून गेलेला काळ चालत नाही. तिथे साधे 'सॉ' हवे. 'इफ यू विल कम, आय विल कम' यामागे 'तू येशील तर मी येईन' आहे. इंग्रजी अटीच्या भागात भविष्यकाळ सहसा घेत नाही, 'इफ यू कम' एवढ्यावर भागवते. 'ही गो' म्हणताना 'गोज' मधला शेवटचा आवाज आपण गाळतो, कारण जातो, जाते, जातात अशा ठसठशीत बदलांना सरावलेल्या कानाला तो एवढासा आवाज क्रियापदाचा बदल वाटतच नाही.

एक चूक तर आम्हाला व्याकरणानेच लावली होती. कर्मणी म्हणजे इंग्रजीतले पॅसिव्ह, असे आम्ही घोकले होते. म्हणून 'रामाने आंबा खाल्ला' याचे भाषांतर मी 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असे करीत असे. पण मराठीत ते अगदी सरळ, रोजचे वाक्य आहे. त्यात रामच पुढे आहे. त्याचे इंग्रजी 'राम एट द मँगो' एवढेच. नाव सारखे म्हणून चाल सारखी नसते.

वही संपेपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या चुका वाटेल तशा पडलेल्या नव्हत्या. जवळजवळ प्रत्येक चुकीत मराठीचा एक बिनचूक नियम बसलेला होता. मी इंग्रजीत मराठीच शुद्ध बोलत होतो!

मग 'मी भाकर खाल्लो' याचे काय? इथे मात्र दादोबांशी माझे जरा भांडण झाले. त्यांच्या व्याकरणाप्रमाणे तिथे कर्मणी हवा, म्हणजे 'खाल्ली'. पण आमच्या बाजूला कर्नाटकाची आणि तेलंगणाची सीमा जवळ. कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावरून जाते, आणि या तिन्ही भाषांत भूतकाळातही क्रियापद कर्त्यामागे चालते. दखनी तर या शहरातही आहे. सिटी चौकात 'मैं रोटी खाया' असे ऐकू येते, आणि त्याला कोणी हसत नाही. आमच्या 'खाल्लो' ने शेजाऱ्यांची चाल उचलली असावी. गंमत अशी की इंग्रजी क्रियापदाचीही तीच चाल आहे. ज्या वाक्यावर मित्र हसले, ते त्या एका बाबतीत इंग्रजीला त्यांच्या वाक्यापेक्षा जवळचे होते.

दादोबांचे व्याकरण मुंबई इलाख्यातल्या शाळांसाठी होते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तिथेच राहिला. कारभाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. आमच्या आजीचे 'केलो' त्या व्याकरणाच्या पानावर यायला वाटच नव्हती. जे पानावर आले ते शुद्ध ठरले, आणि जे राहिले ते हसण्यावारी गेले. यात दादोबांचा दोष किती आणि पुढच्या शाळांचा किती, हे प्राध्यापक मंडळींनी सांगावे.

व्याकरण लिहून दादोबा थांबले नाहीत. काही काळ ते माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक होते. पुढे मुंबईला आणि मग सुरतेला त्यांनी शाळेत शिकवले. सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासोबत त्यांनी मानवधर्म सभा काढली. १८४६ मध्ये ते मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख झाले. १८४९ च्या सुमारास जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा निघाली, तिच्यामागेही तेच होते. ही सभा गुप्तपणे चाले. पुढे सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे बाहेर फुटली आणि ती मोडली. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग १८६७ मध्ये प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा तेच काम उघड्यावर आले असे म्हणता येईल.

१८५२ मध्ये दादोबा डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. टोक्याला गोदावरी ओलांडली की निजामाचा मुलूख लागत असे. नदीपलीकडचा हा अधिकारी आपल्यापासून इतका जवळ होता. तिथे भिल्लांचा उठाव मोडण्यात केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. माणसामाणसांतील भेद नको म्हणणाऱ्या माणसाला ही पदवी कशी वाटली असेल, हा विचार मनातून जात नाही. थोर माणसांचे चरित्र लिहिताना असे पान चिकटवून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते उघडेच ठेवावेसे वाटते.

मात्र या सगळ्या धावपळीत एक काम त्यांनी कधी खाली ठेवले नाही. १८३६ चे व्याकरण त्यांनी पुन्हा तपासले आणि १८५० मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती काढली. त्यावर टीका झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने मराठी व्याकरणावर निबंध लिहून त्यांच्या मतांची झाडाझडती घेतली. दादोबा पुढेही लिहीत राहिले. १८६५ मध्ये शाळकरी मुलांसाठी लघुव्याकरण आले, त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवरची 'यशोदापांडुरंगी' ही टीका आली. १८७८ मध्ये स्वीडनबोर्ग या तत्त्वज्ञाच्या विचारांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक लंडनला छापले गेले. आणि १८८१ मध्ये आपल्या मोठ्या व्याकरणाची पूरणिका त्यांनी प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते वारले.

या तारखा मी वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिल्या आहेत. १८३६, १८५०, १८६५, १८८१. पंचेचाळीस वर्षे एक माणूस आपलेच व्याकरण दुरुस्त करीत होता, आणि तेही त्याच्या मातृभाषेचे! त्या वेळी वर्गात कोणी हसले असते, तर त्यांनी व्याकरण मिटून ठेवले असते का?

परवा इंग्रजीच्या तासाला पहिल्या वर्षाचा एक मुलगा 'डिड नॉट केम' म्हणाला. आम्ही काही जण सरांच्या परवानगीने मागे बसलो होतो. वर्ग हसला. तास सुटल्यावर मी त्याला बाहेर गाठले आणि विचारले, की हे वाक्य मराठीत कसे म्हणशील? तो म्हणाला, 'तो आला नाही.' मग आम्ही दोघे पायरीवर बसलो आणि त्या वाक्यातला भूतकाळ नेमका कुठे राहतो, ते शोधू लागलो.